मी सात म्हणाले, त्यांनी पाच लिहिलं

मित्रांनो, मी एक जुनी सरकारी परात आहे. कागदोपत्री माझं नाव 'बाष्पमापी पात्र' असं भारदस्त आहे, पण दिग्रसजवळच्या आमच्या शेतकी केंद्रावर मला सगळे परातच म्हणतात. चार फूट रुंद, वीतभर खोल, आतून कल्हई आणि बाहेरून पांढरा रंग. परात म्हटलं म्हणून कोणी माझ्यात भाकरीचं पीठ मळायला निघू नका. अठ्ठावीस वर्षांत माझ्यात पाण्याशिवाय दुसरं काही पडलेलं नव्हतं. एकदाच पडलं, आणि तीच गोष्ट सांगायला मी आज तोंड उघडलं आहे. राग आवरून सांगायचा प्रयत्न करीन; जमेल असं वाटत नाही.

तांब्याच्या पत्र्यातून मला ठोकून घडवलं तेव्हा मी आरशासारखी लखलखत होते. ट्रकमधून इथे आले, लाकडी चौथऱ्यावर बसले. पाखरांनी आणि शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून माझ्यावर तारेची जाळी बसवली. चहूबाजूंनी कुंपण घातलं आणि फाटकावर पाटी लावली, 'हात लावू नये'. ती पाटी वाचून मला त्या काळी मोठा अभिमान वाटला होता. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

माझं काम सांगायला सोपं आहे. माझ्यात एका ठरावीक खुणेपर्यंत पाणी भरतात. दिवसभरात ऊन आणि वारा त्यातलं थोडं पिऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला एक माणूस मापाच्या नळीने पाणी ओतून ते पुन्हा खुणेपर्यंत आणतो. जितकं ओतावं लागलं, तितकं हवेने प्यायलं. कुठल्या दिवशी तीन मिलिमीटर, तर वैशाखात पंधरासुद्धा. आता कपाशीचंही तसंच असतं. ती मुळांनी पाणी घेते आणि पानांतून वाफ करून सोडते, भोवतालची जमीनही वाफा सोडते. पानांना तर कोणी मापाची नळी लावू शकत नाही, म्हणून माझा आकडा घ्यायचा, त्यात कपाशीच्या वयाचा मेळ घालायचा आणि अंदाज काढायचा, की या शेताला पुढचं पाणी किती दिवसांनी लागेल. आमच्या केंद्रामागे एक लहान तलाव आहे. त्याच्या पाण्याची पाळी याच अंदाजावर ठरते. आता सांगा, मी साधी परात आहे का?

पहिली दहा वर्षं माझं फार कौतुक झालं. रोजचे आकडे जमवून साहेब लोकांनी एक कोष्टक तयार केलं. कुठल्या महिन्यात हवा किती पाणी पिते, ते त्यात महिनावार मांडलं होतं. काचेची चौकट करून ते कचेरीच्या भिंतीवर टांगलं. बाहेरचे पाहुणे आले की आधी कोष्टक पाहत, मग मला पाहायला येत. आणि माझं नशीब तिथेच फिरलं, कारण एकदा कोष्टक भिंतीवर चढल्यावर मला पाहायची गरज कोणाला उरली नाही.

इकडे हवा मात्र बदलत चालली होती, मित्रांनो. ही बातमी मला वर्तमानपत्रातून कळली नाही, अंगावर कळली. पूर्वी पाऊस सावकाश, महिना महिना मुक्काम करून पडायचा. आता चार दिवसांत घरं बुडतील असा कोसळे आणि मग वीस दिवस थेंब नाही. आश्विनातली दुपार वैशाखासारखी तापू लागली. माझे आकडे सरकले. सगळेच वाढले असंही नाही. आभाळ कोंदटलेलं असलं, वारा पडलेला असला, की श्रावणात माझा आकडा कोष्टकापेक्षा कमी यायचा. नुसतं ऊन वाढलं म्हणजे सगळं वाढलं, इतकं ते सोपं नाही. ऊन, वारा, हवेतला ओलावा हे तिघं मिळून ठरवतात. म्हणून तर रोज मोजायचं असतं. पण पाऊस उघडल्यानंतर, नेमकी बोंडं भरायच्या दिवसांत, कोष्टक म्हणे पाच आणि मी म्हणे सात.

यावर मोठ्या साहेबांनी काय करावं? हवा बदलली असेल हे सोडून त्यांनी सगळं तपासलं. प्रथम म्हणाले, जाळी फाटली असेल, शेळी पाणी पीत असेल. जाळी धड निघाली. मग म्हणाले, मी गळत असेन. दिग्रसहून रहमतचाचा कल्हईवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या बुडाला चुना फासला, मला भरलं, वर ताडपत्री बांधली आणि रात्रभर ठेवलं. चुना कोरडा तो कोरडाच. "भांडं चोख आहे साहेब," एवढं म्हणून तो निघून गेला. शेवटी साहेब म्हणाले, रोज मोजणाऱ्या देवीलालला चष्मा लागला असेल. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी तोवर नुसती ऐकली होती. मग साहेबांनी एक सोपी वाट काढली. माझा आकडा कोष्टकापासून फार लांब गेला, की त्याला चूक समजायचं आणि कोष्टकातला आकडा लिहायचा. म्हणजे माझ्याच तरुणपणीचा फोटो दाखवून मला सांगायचं, की तू ती नव्हेस.

आता देवीलालची ओळख करून देते. केंद्रामागच्या तांड्यावरचा हा माणूस अकरा वर्षं रोज सकाळी माझ्यावर वाकत होता. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले, हा मात्र अकरा वर्षं एका परातीभोवती फिरला. बोलायला कमी, हाताला नेमका. साहेबांनी आकडा बदलला तरी तो माझा खरा आकडा पेन्सिलीने समासात लिहून ठेवायचा. त्याची स्वतःची चार एकर कपाशी तलावाखालच्या पाटावर होती, तांड्यातल्या इतर वीस घरांचीही. कोष्टकाप्रमाणे त्यांना एकवीस दिवसांनी पाणी मिळे. पंधरा दिवस झाले की पानं माना टाकत आणि कोवळी बोंडं गळू लागत. पाच धरलं तर एकवीस दिवस आणि सात धरलं तर पंधरा, इतका साधा मामला होता. त्या वर्षांत कपाशीवर जो तो बोलत होता. बियाणं, अळी, फवारणी, भाव, पंचनामे, सगळ्यांवर सभा झाल्या. या झाडाला तहान किती लागते, हे विचारायला मात्र माझ्या कुंपणात कोणी फिरकलं नाही. कपाळाला हात लावावा म्हटलं तर मला हातही नाहीत.

मग चिकनगुनियाच्या वर्षी इंदुताई आल्या. त्या पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या नव्या अधिकारी होत्या. आल्या आल्या त्यांनी देवीलालचे समासातले पेन्सिलीचे आकडे वाचले. उभ्यानेच वाचायला लागल्या आणि वाचता वाचता माझ्या चौथऱ्याच्या कडेवर टेकल्या. मोठे साहेब म्हणाले, पेन्सिलीचं काय एवढं. त्यावर ताईंनी एक तोड काढली. तांड्याच्या शेतांना नुकतं पाणी दिलं होतं. आजपासून दहा दिवस परातीचा आकडा जसा येईल तसा लिहायचा. सरासरी साडेसहाच्या वर आली, तर पुढचं पाणी पंधराव्या दिवशी. खाली आली, तर कोष्टक बरोबर आणि पाणी एकवीस दिवसांनी. साहेबांनी मान डोलावली. त्या वर्षी पावसाने गणपती उठताच पाठ फिरवली होती आणि झाडं बोंडांनी लगडली होती. पंधराव्या दिवशी पाणी मिळालं तर ती बोंडं भरणार होती, नाही तर मातीत जाणार होती.

पहिले चार दिवस मी चोख काम केलं. सात, सव्वासात, पावणेसात, सात. देवीलाल शाईने लिहीत होता आणि लिहिताना हळूच हसत होता. पाचव्या दिवशी तो आलाच नाही. आदल्या दिवशी मोजून घरी गेला तोच चिकनगुनियाने त्याला गाठलं होतं. सांधे असे धरले, की त्याला कुशीवरसुद्धा वळता येईना. त्याच्या जागी चौकीदार लखनला पाठवलं. लखन स्वभावाने भला, पण त्याचा खाक्या असा, की पाणी खुणेला टेकलं की काम संपलं. पाण्यात काय आहे ते पाहणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

त्याला ताप भरला त्याच दुपारी, म्हणजे चौथ्या दिवशीच, देवीलालची बायको बिजलीबाई फाटकातून आत आली होती. हातात बाटली. त्या दिवसांत गावोगाव दवंडी दिली जात होती, की साचलेल्या पाण्यात डास होतात, साचलेलं पाणी दिसेल तिथे जळकं ऑइल टाका. देवीलालनेच आजारी पडायच्या आदल्या दिवशी मुजफ्फरभाईच्या गॅरेजातून ते बाटलीभर आणून ठेवलं होतं. बिजलीबाईने तांड्यातली डबकी उरकली, गुरांच्या पाण्याच्या टाक्याजवळचं डबकं उरकलं. मग तिला आठवलं, की आपला माणूस रोज सकाळी कुठल्या पाण्यावर वाकून बसतो. ती थेट माझ्याकडे आली. जाळीतून पावभर तेल माझ्यात ओतलं, हात जोडले आणि गेली.

मित्रांनो, ते वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. तेलाची साय माझ्यावर पसरली आणि माझा श्वास कोंडला. वर ऊन तेच होतं, वारा तोच होता, पण पाण्याला वर जायला वाटच नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी लखनने मोजलं, साडेचार. पुढच्या दिवशी पुन्हा साडेचार. त्याने पाण्यावरची चमक पाहिली, नाही असं नाही. पण त्याला ती कल्हईची चमक वाटली. आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात संतापजनक प्रसंग मग घडला. मोठे साहेब स्वतः आले. दहा वर्षांत पहिल्यांदा आले. वहीत साडेचार पाहून त्यांनी माझ्या काठावर प्रेमाने थाप मारली आणि म्हणाले, "आता कशी शहाण्यासारखी वागते आहेस."

खरं बोलत होते तेव्हा मला शेळीने प्यायलेली, गळकी, खोटी ठरवलं. तोंडात बोळा कोंबल्यावर मी शहाणी झाले. अशी शाबासकी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

दहा दिवस भरले. सरासरी निघाली साडेपाच. इंदुताईंनी आकडे दोनदा मिळवून पाहिले, पण आकडे ते आकडे. साहेबांनी त्याच दिवशी अहवाल यवतमाळला धाडला, की जुनं कोष्टक अचूक आहे. पाणी एकवीस दिवसांनीच.

अकराव्या दिवशी देवीलाल काठी टेकत आला. सरासरी त्याला वाटेतच कळली होती. तो माझ्याशेजारी कसाबसा वाकला, नेहमीसारखं बोट पाण्यात घातलं आणि नाकाशी नेलं. तो वास कुठल्या गॅरेजचा आहे, हे त्याला सांगावं लागलं नाही. तेवढ्यात बिजलीबाई त्याची भाकरी घेऊन आली.

"परातीत ऑइल कोनं टाकलं?" त्याने विचारलं.

"मीनं टाकलं. तुमी रोज त्या पान्यावर वाकता, अन् तापही तुमालेच आला. मंग नाई टाकू तं काय करू?"

देवीलालने तिला समजावून सांगितलं. तेल काय करतं, आकडा काय करतो, पाण्याची पाळी कशी ठरते. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बिजलीबाईला ते पटेना. पावभर तेलाने सूर्याचं पिणं बंद होत असतं तर लोकांनी तलावातच तेल ओतलं नसतं का, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावर दोन सारख्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पराती घेऊन आली आणि माझ्या दोन बाजूंना ठेवल्या. दोन्हींत एक एक घागर पाणी ओतलं. आत चुन्याने सारख्या उंचीवर रेघ मारली, एकीत उरलेलं तेल टाकलं आणि वर आपल्या जुन्या ओढणीची जाळी बांधली. मला मात्र देवीलालने आदल्याच दिवशी रिकामी करून राखेने आणि रिठ्याने तीनदा घासलं होतं. वाकलेल्या बोटांनी घासताना तो कण्हत होता, पण थांबला नाही. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा सात म्हणाले.

तेव्हा साहेब काय म्हणाले असतील? म्हणाले, "परात पुन्हा गळायला लागली." देवीलालने वहीत शेरा लिहिला होता, की पाचव्या ते दहाव्या दिवसाचे आकडे तेलामुळे खोटे आहेत. साहेबांनी तो खोडायला सांगितला, कारण अहवाल गेला होता आणि गेलेला अहवाल परत आणायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. तेल कोणी टाकलं, असं विचारल्यावर देवीलाल म्हणाला, मी. त्या दिवसांत हा माणूस अंथरुणातून उठू शकत नव्हता, हे अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं. तरी साहेबांनी ते लिहून घेतलं.

चौदाव्या दिवशी सकाळी इंदुताई माझ्या कुंपणात आल्या, मागून साहेब आले. बिजलीबाई आधीच येऊन बसली होती, सोबत तांड्यातली लालीबाई आणि आणखी तीन-चार बाया. ताईंनी ओढणी सोडली. साध्या परातीतलं पाणी चुन्याच्या रेघेखाली जवळजवळ एक बोट उतरलं होतं. तेलाच्या परातीतलं अर्धं बोटही नाही. बिजलीबाई बराच वेळ एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहत राहिली. तिचा चेहरा उतरला. आपण काय केलं ते तिला त्या क्षणी कळलं, आणि मला तिची इतकी दया आली, की माझा राग क्षणभर कुठे गेला ते कळलं नाही.

साहेब म्हणाले, या पराती मंजूर उपकरणं नाहीत. आणि सरकारी उपकरणात तेल टाकणं हा गुन्हा आहे, देवीलालने तो कबूल केला आहे. तशी बिजलीबाई उठून उभी राहिली.

"त्यायनं नाई टाकलं सायेब, मीनं टाकलं," ती म्हणाली. "माह्या मानसाले ताप आला म्हनून टाकलं. या परातीवर आमच्या कपाशीचं पानी ठरते, हे इतक्या वर्सात आमाले कोनी सांगतलंच नाई. सांगतलं असतं तं मीनं इथी बसून हिच्यावर पदर धरला असता."

पदर धरला असता तर सावलीने आकडा पुन्हा चुकलाच असता. पण त्यावर हसायची छाती कोणाला झाली नाही. साहेब पाटीकडे पाहत राहिले. देवीलालने मान खाली घातली. आणि मला, मित्रांनो, स्वतःचाच संताप आला. इतकी वर्षं मी साहेबांना, कोष्टकाला, लखनला बोल लावत होते. ज्यांची कपाशी माझ्यावर जगत होती, त्या बायका रोज माझ्या कुंपणावरून पाण्याला जात होत्या. आणि मी 'हात लावू नये' ची पाटी मिरवत आत ऐटीत बसले होते. देवीलालनेही घरी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याला ते कचेरीचं काम वाटत होतं.

इंदुताईंनी मग कोणाकडे पाहिलं नाही. माझ्या काठावर कागद ठेवला आणि आपल्या सहीने लिहिलं, की तेलाचे सहा दिवस वगळून उरलेल्या दिवसांची सरासरी सात आहे, उद्या पाणी सोडावं. साहेबांनी बजावलं, की याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. ताई म्हणाल्या, "देईन."

पंधराव्या दिवशी पाट भरून वाहिला. इथे बसून मला फक्त आवाज ऐकू आला आणि तांड्याकडच्या बायांनी एकमेकींना मारलेली हाळी. आठवडाभराने देवीलाल खिशात एक बोंड घेऊन आला आणि ते माझ्या जाळीवर ठेवून मापाला लागला. ते टपोरं होतं. त्याला हलगर्जीची नोटीस मिळाली, ती त्याने घडी करून वहीच्या कव्हरात सारली. बिजलीबाई आता अधूनमधून येते, बायांना आत आणते आणि माझी खूण कशी वाचायची ते दाखवते. तिला वाचायला येत नाही, पण पाच आणि सात यांतला फरक ती साहेबांपेक्षा नीट सांगते.

मित्रांनो, मला घासा, माझ्यावर झाड वाढू देऊ नका, हे तर मी सांगतेच. पण तुमच्या गावातही कुंपणाआड कसलं तरी यंत्र असेल. ते कशासाठी आहे ते विचारा, आणि कोणी नीट सांगेपर्यंत तिथून हलू नका. कळल्यावर घरी आईला सांगा. कारण इंदुताईंची पुढच्या वर्षी बदली झाली. यवतमाळला गेलेला अहवाल कोणी परत मागवला नाही. तेलाचे ते सहा दिवस त्यात तसेच आहेत, त्यांच्यावरून नवं कोष्टक छापलं गेलं, आणि तांड्याला पुन्हा एकवीस दिवसांनी पाणी मिळतं. माझ्यातलं तेल देवीलालने दुखऱ्या हातांनी एका दिवसात काढलं. अहवालातलं अजून कोणी काढलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी त्या खुर्चीवर बसलं, तर बसल्या दिवशी आधी तेवढं काढा.